टिकटिक कुठली? एका जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

कृष्णपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला आवाजाचे वावडे असून चालत नाही. एका अंगाला पुलावरची अखंड रहदारी, दुसऱ्या अंगाला राजवाड्याकडून येणारा बाजाराचा गलका, पहाटेपासून नंदलालपुऱ्याच्या भाजीवाल्यांची हाकाटी. आणि या साऱ्यांच्या मधोमध, कान्ह नदीच्या काठी, होळकरांच्या छत्र्या आपल्या दगडी शांततेत उभ्या. कृष्णाबाईसाहेब, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या छत्र्यांच्या शेजारी आमचा जन्म गेला. गोंगाटात झोपणे हे आम्हां कृष्णपुरेकरांना पाळण्यातच येते. पण गेल्या दिवाळीनंतर एक बारीकसा आवाज आमच्या घरात शिरला आणि त्याने घरातल्या सर्वांची झोप उडविली. तो आवाज होता आमच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचा. टिक्, टिक्, टिक्. घड्याळासारखा नियमित, आणि घड्याळासारखाच न थांबणारा.

ज्या वाचकांच्या घरी आज नव्या गाड्या आहेत त्यांना या एका गाडीपायी एवढे हवालदिल होण्याचे कारण कळणार नाही, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळची इटालियन फियाट ११००. १९७० नंतरच्या दशकात तिचे बारसे झाले आणि ती 'पद्मिनी' झाली. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याशी. त्या काळी मोटार पैसे टाकून लगेच मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, अशीच वाट पाहून ती घेतली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादनही थांबले. पण आमच्या ओसरीपुढून ती काही हलली नाही.

इंदूरला मोटारींचे वेड तसे नवे नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून खास बांधणी करवून घेतलेली मोटार आजही जगातील मोटारशौकिनांच्या बोलण्यात असते. महाराजांची ड्यूसेनबर्ग कुठे आणि आमची पद्मिनी कुठे! परंतु जीव लावण्याच्या बाबतीत राजा आणि कारकून यांच्यात फारसे अंतर नसावे.

नाना आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. कानांच्या पडद्यांचा त्यांचा विकार जुना, त्यामुळे मोठ्याने बोलल्याखेरीज ऐकू येत नाही. त्यांनी या हिवाळ्यात एकच इच्छा बोलून दाखविली: "एकदा आपल्या गाडीतून महेश्वरला नर्मदेवर जाऊन येऊ." महेश्वर इंदूरपासून नव्वदेक किलोमीटर, वाटेत मानपूरचा घाट. भाड्याच्या गाडीची गोष्ट त्यांनी कानांआड केली, आणि या वेळी दोष कानांचा नव्हता.

आम्ही गाडी शहरातील एका नावाजलेल्या वर्कशॉपात नेली. तेथील तरुणाने बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकले, चारांपैकी तिसऱ्या सिलिंडरची प्लगची वायर काढून पाहिली, आवाज किंचित दबल्यासारखा झाला, आणि त्याने निकाल दिला: "आतले बेअरिंग गेले. इंजिन उतरवावे लागेल." खर्चाचा अंदाज चाळीस हजार. घाटात गाडी बंद पडली तर जबाबदारी आमची नाही, हेही त्याने बजावले. घरी सभा भरली. पुतण्याचे मत पडले की एवढ्या पैशांत गाडी भंगारात देऊन वर काही तरी हाती येईल. आमच्या सौ.नेही त्यालाच दुजोरा दिला. कारण गाडीत बसले की हल्ली तिचे डोके दुखत असे. "पेट्रोलचा वास सोसत नाही," असे ती म्हणे, आणि आम्हीही तेच खरे मानून चाललो होतो. नाना काही बोलले नाहीत. त्यांना सभेतले किती ऐकू आले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

शेवटचा उपाय म्हणून आम्ही जुन्या मिस्त्रींकडे गेलो. गाडी नवी होती तेव्हापासून तिला त्यांचाच हात. आता त्यांनी धंदा मुलांवर सोपविला आहे. तरी नानांचे नाव काढताच ते आले. वर्कशॉपाचा निकाल ऐकून ते एवढेच म्हणाले, "भिया, खोलना तो आख़िर में है. पहले सुनो." पुढचे दोन दिवस त्यांनी जे केले ते पाहून आम्हांला कळले की ऐकणे हीही एक विद्या आहे, आणि तिला क्रम आहे. तो क्रम वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट त्यांनी पाहिली ती तेलाची. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थांबवून थोडा वेळ जाऊ दिला आणि मग पट्टी काढली. तेल खालच्या खुणेशी होते. जुन्या इंजिनात धातूचे धातूशी जे जे सांधे आहेत, त्या सर्वांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा गादीसारखा असतो. तेल कमी झाले, पातळ झाले किंवा त्याचा दाब घटला की ती गादी जाते आणि सांधे वाजू लागतात. सकाळी गाडी सुरू करताच दोन-चार क्षण टिकटिक होऊन थांबली, तर ते रात्रभरात खाली उतरलेले तेल वर चढेपर्यंतचे वाजणे असते. त्याची फार चिंता नको. पण गाडी चालताना डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागला, तर घर शंभर पावलांवर असले तरी इंजिन तिथेच बंद करावे. आमचा दिवा वेळेवर विझत होता. तेल पुरे केले, आवाज राहिला.

दुसरी गोष्ट, आवाजाची लय. चार फेऱ्यांच्या इंजिनात खालचा क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला चारशे वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. खालच्या बेअरिंगचा ठोका मात्र बहुधा प्रत्येक फेऱ्याला, सेकंदाला तेराच्या आसपास पडतो. कानाने तेरा मोजणे कठीण, म्हणून मिस्त्रींनी टायमिंगचा दिवा पहिल्या प्लगच्या वायरीला जोडला. तो दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेला एक टिक् पडत होती, अधली-मधली नाही. याचा अर्थ आवाज अर्ध्या गतीचा होता. अर्ध्या गतीने वाजणाऱ्या गोष्टी थोड्याच: व्हॉल्व्हची रचना, कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोलचा पंप, सैल प्लगमधून निसटणारा वायू, आणि एक्झॉस्टच्या सांध्यातील गळती. बेअरिंगचा आवाज शिवाय खोल असतो, टिकटिक नव्हे तर ठकठक, आणि चढावर किंवा ॲक्सिलरेटर दाबताच तो वाढतो. वर्कशॉपाच्या निकालाचा पाया इथेच डळमळला.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो हे सर्व एका पट्ट्यावर फिरतात व यांपैकी कोणीही वाजू शकतो. थंड इंजिनाचा पट्टा उतरवून ते केवळ अर्धा मिनिट चालविले. पाणी फिरत नसल्याने यापेक्षा जास्त चालवू नये. आवाज तसाच, ही तिन्ही मंडळी निर्दोष सुटली. पेट्रोलच्या पंपाला हात लावून पाहिला, प्लगच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडून बुडबुडे येतात का तेही पाहिले. काही नाही.

चौथी गोष्ट वर्कशॉपाने केलेलीच, पण सावकाश. मिस्त्रींनी एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पक्कडीने काढून धातूला टेकविली, म्हणजे त्या सिलिंडरातला स्फोट थांबला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वेळी आवाजात काहीच फरक नाही. तिसऱ्या वेळी तो दबला, पण गेला नाही. स्फोटाबरोबर कमी होणारा आवाज पिस्टनचा किंवा दांड्याचा, हा धंद्यातला ठोकताळा. वर्कशॉपाच्या तरुणाने तो इथेच लावला. मिस्त्रींनी मान हलविली. आवाज दबतो पण जात नाही, याचा अर्थ त्यांच्या मते असा की बोलणारे दोघे आहेत. एक गप्प बसला, दुसरा बोलतोच आहे.

आता पाचवी गोष्ट, आणि तीच आमच्या कायमची लक्षात राहिली. मिस्त्रींनी हातभर लांबीची लाकडी काठी मागितली. तिचे एक टोक इंजिनावर टेकवायचे आणि दुसरे कानाला लावायचे. वैद्यक जाणणाऱ्या वाचकांना हे नवे नाही. पॅरिसच्या रने लेनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि पुढे लाकडाची नळी केली. स्टेथोस्कोप जन्मला तो असा. इंजिनाची छाती काय आणि माणसाची काय, घन पदार्थातून आवाज चांगला पोहोचतो.

नाना खुर्चीवर बसून हे सारे पाहत होते. त्यांनी हात पुढे केला. आम्ही खुणेने सांगितले की तुम्हांला ऐकू येणार नाही. त्यांनी काठी घेतली, आणि तिचे टोक कानाला न लावता कानामागच्या हाडाला लावले. क्षणभराने त्यांचा चेहरा असा उजळला की आम्ही थक्क झालो. "येतो की ऐकू!" ते म्हणाले. नंतर विचार करता उलगडा झाला. नानांचा दोष पडद्यांचा; आतली श्रवणाची नस शाबूत. हवेतून येणारा आवाज पडद्यावर अडतो, पण हाडातून गेलेला थेट आत पोहोचतो. कानाचे डॉक्टर नादकाटा कानामागे टेकवून याच भेदाची परीक्षा करतात. रिने या जर्मन डॉक्टरने ती १८५५ साली सांगितली.

मिस्त्रींनी फिरत्या पंख्यापासून दूर, काठी एकेका जागी टेकवावी आणि नानांनी सांगावे, असा क्रम सुरू झाला. वरच्या टॅपेट कव्हरवर, तिसऱ्या सिलिंडरच्या वर, नानांनी बोट उचलले: "इथे. स्वच्छ टिक्." मग काठी बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर आली. आम्हांला आमच्या कानांनी तिथून टिकटिक चांगली ऐकू येत होती. पण नानांनी मान हलविली. "इथे टिकटिक नाही. नुसती घरघर." आम्हांला वाटले, म्हातारपण! मिस्त्री मात्र हसले. धातूवर धातू आपटत असता तर तो आवाज काठीतून गेला असता. कानाला येतो आणि काठीला येत नाही, तो आवाज धातूचा नव्हे, वाऱ्याचा. ज्या कानांना हवेतला आवाज येत नाही, त्यांनीच ही निवड करून दिली होती.

मग टॅपेट कव्हर उघडले. इंजिन अगदी मंद चालत असताना मिस्त्रींनी फीलर गेजचे पातळ पाते एकेका रॉकरच्या आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये सरकविले. पाचव्या रॉकरखाली पाते जाताच वरची टिकटिक बंद. चोर सापडला. गंमत अशी की इंजिन थांबवून तिथली फट मोजली तर ती बरोबर भरली. रॉकर काढून पाहिला तेव्हा कारण दिसले. इतक्या वर्षांच्या घासणीने त्याच्या तोंडाला खळगा पडला होता. सरळ पाते खळग्यावर पुलासारखे आडवे बसते आणि खोली मोजलीच जात नाही. खरी फट दिसते त्याहून मोठी असते. अशा वेळी नुसता स्क्रू फिरवून उपयोग नाही. रॉकर बदलला पाहिजे. मिस्त्रींनी तो बदलला आणि मग आठही व्हॉल्व्हच्या फटी थंड इंजिनावर, पुस्तकातील मापाने लावल्या. ज्या सिलिंडरची फट लावायची त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पुरते मिटलेले हवेत. चार सिलिंडरांच्या इंजिनात पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा अशा जोड्या असतात. जोडीदाराचा एक व्हॉल्व्ह मिटता-मिटता दुसरा उघडू लागला, की आपल्या सिलिंडरची वेळ आली असे समजावे.

येथे एक धोक्याची सूचना. टिकटिक नको म्हणून फट मापापेक्षा कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. इंजिन तापले की व्हॉल्व्ह लांबतो. त्याला जागा उरली नाही तर तो पुरता मिटत नाही. मिटलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होतो; न मिटलेला जळतो. म्हणून जरासा वाजणारा टॅपेट परवडला, अगदी मुका टॅपेट वाईट.

दुसरा आवाज उरला होता, आणि मिस्त्रींनी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले. "सुबह, ठंडी गाड़ी पर," एवढेच म्हणाले. पहाटे रात्रभर निवलेले इंजिन सुरू केले. टिकटिक दणक्यात सुरू झाली; पण दहाएक मिनिटांत, इंजिन तापता तापता, ती जवळजवळ विरली. तापल्यावर धातू फुगतो आणि सांध्यातली चीर मिटत येते. वर्कशॉपात आम्ही गाडी चालवीत, म्हणजे तापवूनच नेली होती. तेव्हा हा दुसरा आवाज तिथे पुरता उमटलाच नव्हता. उरलेल्या अंशावर तरुणाने बेअरिंगाचा निकाल दिला. त्याचा तरी काय दोष? रोगी आम्हीच अवेळी नेला होता. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की थंडीत वाजणारी गाडी आदल्या रात्री मिस्त्रीकडे ठेवून यावी आणि सकाळी आपल्यासमोर सुरू करवावी.

रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्याभोवती फिरविताच जागा सापडली. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी काजळीचा काळा ओघळ उठला होता. एक नट सैल, एक स्टड तुटलेला, आणि मधले गॅस्केट जळून गेलेले. प्रत्येक स्फोटानंतरचा धूर तिथून फस्सकन निसटत होता, आणि त्याचीच टिकटिक होत होती. म्हणूनच तिसऱ्या प्लगची वायर काढताच आवाज दबत होता.

काजळीकडे पाहत मिस्त्री एकाएकी गंभीर झाले. "गाड़ी में किसी का सर दुखता है?"

आम्ही सौ.कडे पाहिले. सौ.ने आमच्याकडे पाहिले.

डॅशबोर्डखाली, जिथून वायरी इंजिनाकडे जातात, तिथले रबर कुजून गळून पडले होते. धुराला आत यायला वाट मोकळी होती, आणि सौ. नेहमी त्याच बाजूला बसते. थंडी सुरू झाल्यापासून आम्ही काचा लावून फिरत होतो. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षाही अधिक बळाने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. आरंभी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. पुढे शुद्ध जाते. घाटाच्या चढावर, काचा बंद करून, शहाऐंशी वर्षांच्या नानांना घेऊन आम्ही जाणार होतो, हे मनात येताच अंगावर काटा आला. चाळीस हजार मोजून इंजिन उतरविले असते तर गॅस्केट नवे पडले असतेच. पण तेवढ्या पैशांपायी आम्ही गाडी तशीच वाजती ठेवणार होतो, हेच खरे. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. फरक एवढाच की येथे पखालीवरून वाद घालताना म्हशीकडे कोणाचे लक्षच नव्हते.

रॉकर, गॅस्केट, दोन स्टड, वायरींचे रबर आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झाले. मिस्त्रींनी स्वतःची मजुरी घेतली नाही, मुलाची घेतली. सौ.चे डोके त्या दिवसापासून दुखलेले नाही.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे अशा वाचकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. टिकटिकीबरोबर इंजिन अडखळत असेल, तर रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून पाहावे. प्लगच्या वायरीचे कवच फाटले असेल तर निळी ठिणगी उडताना दिसते. मात्र त्याआधी पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडविलेले नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा वरचेवर तपासावा. बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. आणि वर सांगितलेली प्लगची वायर काढण्याची युक्ती नव्या, इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर करू नये. त्यांची तऱ्हाच निराळी. पुष्कळांत टॅपेटची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळते, आणि इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांची बारीक टिकटिक तर निरोगीपणाचीच असते.

माघात आम्ही महेश्वरला जाऊन आलो. मानपूरचा घाट उतरताना आणि परतीला चढताना पद्मिनीने तक्रार केली नाही. नाना पुढच्या आसनावर, हात डॅशबोर्डवर टेकवून बसले होते. येताना अर्ध्या घाटात त्यांनी विचारले, "आवाज गेला का रे पुरता?"

आम्ही त्यांच्या कानाशी ओरडून सांगितले, "एक गेला, नाना. दुसरा थोडासा आहे. मिस्त्री म्हणाले, तो असू द्यावा."

नानांनी तळहात डॅशबोर्डवर आणखी दाबला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "आहे. येतो आहे मला."